मदत हवी आहे: स्विचवर आवाजाला प्राधान्य देऊनही संध्याकाळी फोन तुटतात

नमस्कार मंडळी. परळमधल्या एका निदान केंद्राचं नेटवर्क मी सांभाळते. ऑफिसात हे विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून धागा काढतेय.

बारा आयपी फोन, वीसेक पीसी आणि सीटी स्कॅनचं मशीन, सगळं २४ पोर्टच्या एका मॅनेज्ड स्विचवर आहे. तिथून एका अपलिंकने आमचा राउटर, आणि पुढे लाइन देणाऱ्या कंपनीचा डबा. लाइन १०० एमबीपीएसची, पण जोडणारे सगळे पोर्ट १ जीबीपीएसचे.

संध्याकाळी सहाला सीटीच्या इमेजेस बाहेरच्या रेडिओलॉजिस्टकडे जायला लागतात आणि साडेआठपर्यंत फोनवरचा आवाज तुटत राहतो. आम्हाला समोरचा नीट ऐकू येतो, त्याला आम्ही नाही. गेल्या आठवड्यात रिसेप्शनवरून एका आजोबांना सांगितलं, "सकाळी उपाशीपोटी या, फक्त पाणी चालेल." त्यांना ऐकू गेलं "सकाळी या, चालेल." आसनगावहून पहिल्या गाडीने आले, ते भाकरी खाऊनच. रक्त न घेता त्यांना परत पाठवावं लागलं. तेव्हापासून मला चैन नाही.

मी केलेलं असं: फोन स्वतःच आपल्या प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी ४६ ('हा आवाज आहे, आधी सोडा' अशी खूण) लावतात. स्विचच्या आठ रांगांपैकी सगळ्यात वरची स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (तिच्यातलं नेहमी सगळ्यांच्या आधी) ठेवून आवाज तिच्यात घातला, बाकीच्या सात रांगा वेटेड राउंड रॉबिनवर (ठरवलेल्या वेटप्रमाणे पाळीपाळीने). काउंटर पाहिले तर एकाही रांगेत एकही ड्रॉप (टाकून दिलेलं पॅकेट) नाही! तरी बाहेरचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) सकाळी ६ मिलिसेकंद असतो तो संध्याकाळी २४० वर जातो. वेट चुकलेत का? की बफर (पॅकेट्स थांबवून ठेवायची जागा) वाढवू?

प्रतिसाद:

ताई, उत्तर तुमच्या शून्य ड्रॉपमध्येच आहे. पोर्टवर रांग लागली तरच कोणाला आधी सोडायचं हा प्रश्न येतो. १५०० बाइटचं पॅकेट १ जीबीपीएसच्या पोर्टवरून १२ मायक्रोसेकंदांत निघून जातं. तेच १०० एमबीपीएसवर १२० घेतं. त्यामुळे तुमचा पोर्ट कायम मोकळा, आणि रांग लागते ती पुढे, कंपनीच्या डब्यात. तिथे तुमचं ४६ कोणी बघत नाही, आला तो मागे उभा राहतो. तुम्ही गल्लीतलं गटार कितीही साफ केलंत तरी पाणी तुंबतं हिंदमाताला.

हिशोबही जुळतो. १०० एमबीपीएसवर २३४ मिलिसेकंदांचा (२४० वजा ६) उशीर म्हणजे जवळपास ३ एमबी साठा, मोठी पॅकेट्स साधारण दोन हजार. तुमच्या रिसेप्शनचं बोलणं त्या दोन हजारांच्या मागे थांबतं, आणि साठा भरला की नवीन येणारं सरळ टाकलं जातं.

तेव्हा रांग आपल्या घरात आणा. राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर लाइनपेक्षा थोडा कमी, ९५ एमबीपीएसचा शेपर (बाहेर जाण्याचा वेग बांधून ठेवणारी सोय) लावा आणि प्राधान्याची रांग त्या शेपरच्या आत ठेवा. पोलिसिंग नको, ते जास्तीचं पॅकेट टाकून देतं. शेपर त्याला थांबवून ठेवतो, आणि थांबलेल्यांमधून निवड करता येते. आवाजाला ३ एमबीपीएसची मर्यादा घाला. जी.७११चा (फोनचा आवाज डिजिटल करून पाठवायची एक पद्धत) एक कॉल इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस घेतो, बारा मिळून १ एमबीपीएसच्या थोडं वर. मर्यादा नसली आणि उद्या कोणी फाइल्सनाच ४६ लावलं, तर बाकी सगळे उपाशी राहतील.

बफर मात्र अजिबात वाढवू नका, हे मी आग्रहाने सांगतोय. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच आरएफसी ९७० (इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांपैकी एक) मध्ये दाखवलंय की साठवण अमर्याद दिली तरी कोंडीवर उपाय होत नाही, आणि प्रत्येकाला पाळीपाळीने सोडण्याची कल्पनाही तिथेच मांडली आहे. राउटरवर एफक्यू-कोडेल (प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करून साठा छोटा ठेवणारी पद्धत) असेल तर उरलेल्या ट्रॅफिकला ते लावा, म्हणजे सीटीच्या एका मोठ्या फाइलमागे बाकीच्यांचे रिपोर्ट अडणार नाहीत.

आणि राउटरवर एकदा पॅकेट कॅप्चर (जाणाऱ्या पॅकेट्सची नोंद) घेऊन बघा, ४६ तिथपर्यंत पोचतंय का? आवाजाच्या पॅकेटचा टीओएस बाइट (ही खूण ज्यात असते तो) १८४, म्हणजे ४६ गुणिले ४, दिसायला हवा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. कॅप्चर आधी घेतलं ते बरं झालं. दहा फोन १८४, रिसेप्शनचे दोन्ही ०! त्यांची जागा मे महिन्यात बदलली होती आणि नव्या पोर्टवर डीएससीपी ट्रस्ट (फोनने लावलेली खूण तशीच ठेवायची सेटिंग) लावायचं राहिलं होतं, म्हणून स्विच ते पुसत होता. म्हणजे नुसता शेपर लावला असता तर बाकीचे फोन सुधारले असते आणि नेमके तेच दोन तुटत राहिले असते.

ट्रस्ट लावलं, शेपर ९५ वर, आवाज ३ वर. काल सहा चाळीसला सीटीच्या फाइल्स जोरात जात असताना पिंग ११ होता. अपलोड संपायला पाचेक मिनिटं जास्त लागली, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्याच वेळी आजोबांना नव्या तारखेसाठी फोन मीच लावला आणि सगळं परत म्हणून दाखवायला सांगितलं. पाण्यासकट सगळं बरोबर सांगितलं त्यांनी.

शनिवारी सीटीला सर्वांत जास्त गर्दी असते. त्या संध्याकाळचे आवाजाच्या रांगेतले ड्रॉप इथे टाकते. शून्याच्या वर गेले तर मर्यादा ३ वरून वाढवायची, की आधी कोण आणखी ४६ लावतंय ते शोधायचं?