मदत हवी आहे : जॉर्डनच्या राण्यांसाठी नेमका मराठी शब्द कोणता?

एका दिवाळी अंकासाठी मी जॉर्डनच्या राणी रानिया यांच्यावर लेख लिहीत असून, एका शब्दापाशी अडलो आहे. राजाची पत्नी म्हणून राणी झालेली आणि स्वतः राज्य करणारी, या दोघींनाही आपण ‘राणी’च म्हणतो. एरवी हे चालून जाते. जॉर्डनच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो.

तिथे राजाशी विवाह झाला म्हणून ‘मलिका’ (अरबीत राणी) ही पदवी आपोआप मिळत नाही, ती राजाने द्यावी लागते. कुवेतमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मलेल्या रानिया यांचा विवाह १९९३ साली राजे हुसेन यांचे पुत्र अब्दुल्ला यांच्याशी झाला. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी राजे हुसेन यांचे निधन होऊन अब्दुल्ला गादीवर आले, तरी रानिया यांना राणी घोषित केले गेले ते २२ मार्चला. हुसेन यांच्या पत्नी नूर यांची पदवीही कायम राहिल्याने देशात एकाच वेळी दोन राण्या झाल्या. उलट, अब्दुल्ला यांच्या मातोश्री मुना, ज्यांचा हुसेन यांच्याशी १९६१ साली विवाह झाला होता, त्या कधीच राणी झाल्या नाहीत. त्यांची पदवी राजकन्येचीच राहिली. (जन्माने राजकन्या नसलेल्या स्त्रीला ‘राजकन्या’ म्हणणे मला तरी खटकते.)

‘पट्टराणी’ म्हटले की सवती डोळ्यांसमोर येतात, ‘राजपत्नी’त पदवीचा मान उरत नाही. ‘राजमाता’ नूर यांना लागू नाही, कारण त्या सध्याच्या राजाच्या आई नव्हेत. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा, आणि ‘मलिका’ तसाच ठेवावा का, तेही सांगावे.