दिवसभर जे डिझाइन करते तेच रात्री वापरताना वैताग येतो, तुम्ही ट्रेंडला नाही कुठे म्हणता?

रेघोट्या

मंडळी, वेब डिझाइनमधे मला १२ वर्षं झाली आणि गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

परवा आईला तपासणीसाठी ऑनलाइन वेळ घ्यायची होती. पाच मिनिटांनी म्हणाली, अगं हे काय मागतंय मला कळतच नाहीये. बघितलं तर आधी कुकीला (साइट आपल्या ब्राउझरमधे ठेवते त्या नोंदी) परवानगी मागणारा पडदा, तो घालवला तर नोटिफिकेशन पाठवू का, ते नको म्हटलं तर कोपऱ्यात चॅटचा गोळा आणि तो नेमका 'पुढे' या बटणावर बसलेला. हे सगळं मी बाजूला करून दिलं पण खरी अडचण वेगळीच होती. फॉर्ममधल्या रकान्यांना वर नावंच नव्हती, नाव रकान्याच्या आत फिकट करड्या अक्षरात आणि टाइप करायला लागलं की गायब. मधेच तिला फोन आला, तो घेऊन परत आली तर समोर अर्धवट भरलेला रकाना आणि तिथे काय विचारलं होतं ते आठवेना. लिहिलेलं सगळं खोडल्याशिवाय कळायला मार्गच नाही.

असाच फॉर्म मी स्वतः कितीतरी वेळा केलाय. दिसायला स्वच्छ, फाइलमधे सुटसुटीत, क्लायंट पहिल्याच फेरीत हो म्हणतो. आईशेजारी बसून तो भरायची वेळ आली तेव्हा फार वाईट वाटलं मला.

मग स्वतःकडेही बघायला लागले. रात्री काही वाचायला घेतलं की मी सरळ रीडर मोड लावते, म्हणजे माझ्याचसारख्या कुणीतरी महिनाभर खपून केलेलं डिझाइन पुसून टाकते आणि मग वाचते. दुपारी एका साइटसाठी सदस्यत्वाचा पॉपअप डिझाइन करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांचे पॉपअप बंद करत बसायचं, हे बरोबर वाटत नाही आता.

या आठवड्यात नवीन क्लायंटने तीन लिंक पाठवल्यात. काचेसारखी अर्धपारदर्शक पॅनल्स, मागे चालणारा व्हिडिओ, माउसच्या जागी मोठा गोल आणि स्क्रोल केलं की पान आपल्या वेगाने न सरकता त्याच्या वेगाने सरकतं. सुंदर आहेत तिन्ही, ते मी नाकारत नाही. पण कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही हे तुम्ही ठरवता कसं? आणि क्लायंटला सांगता कसं? वापरणाऱ्याला त्रास होईल म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, सगळे तर हेच करतायत.

कोडवाला

फ्रंटएंडवाला आहे, म्हणजे डिझाइनवरून साइटचा दिसणारा भाग कोडमधे बांधतो, तुमच्या फाइली शेवटी माझ्याकडेच येतात म्हणून लिहितो. ट्रेंड म्हटलं की वाईटच असं मी मानत नाही. २०१० मधे वेब डिझाइनर ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनवर (एकच साइट, स्क्रीनच्या आकाराप्रमाणे मांडणी बदलणारी) लेख लिहिला तेव्हा आमच्याकडे लोक म्हणत होते की फॅड आहे, मोबाइलसाठी वेगळी साइट असतेच की. आज त्याशिवाय काम सुरूच होत नाही. त्याआधी आम्ही टेबलात टेबल घालून लेआउट बांधायचो, सीएसएसची (पानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) पहिली आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरात आली तरी ब्राउझर ती नीट पाळायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि एका गोल कोपऱ्याच्या चौकटीसाठी चार कोपऱ्यांची चार चित्रं कापायची, रंग बदलला की चारही परत. त्यामुळे मला सवय लागलीये की ट्रेंड आला की आधी बघायचं हा कुठून आला, कुणाची कुठली अडचण सोडवायला आला.

फ्लॅट डिझाइन घ्या, सगळं सपाट, सावली-चकाकी काही नाही. २०१० च्या विंडोज फोनमधे दिसलं, २०१३ ला आयओएस ७ आल्यावर सगळीकडे पसरलं. त्यामागे कारण होतं, स्क्रीन शंभर आकाराच्या झाल्या होत्या आणि चामडं, लाकूड, चकाकी यांची चित्रं प्रत्येक आकारात नीट बसवणं अवघड, सपाट रंग आणि अक्षरं कुठेही ताणता येतात. पण त्याच्याबरोबर बटणाचं बटणपणही गेलं ना. कशावर दाबायचं आणि काय नुसतं वाचायचं हे ओळखू येईना. ते नुकसान भरून काढायला पुढे सावल्या, थर वगैरे परत आणावे लागले, गूगलचं २०१४ चं मटेरियल डिझाइन बघा. आणि मग २०२० च्या सुमारास ते न्यूमॉर्फिझम आलं, पार्श्वभूमीच्याच रंगाची फुगीर बटणं, ज्यांची कड कमी दिसणाऱ्याला सापडतच नाही. दिसायला मऊ, पण त्याने कुठलीच अडचण सोडवली नव्हती, त्यामुळे खऱ्या प्रॉडक्टमधे फारसं टिकलं नाही.

तुमच्या काचेच्या पॅनलचं म्हणाल तर माझी हरकत एकच आहे, मागे काय येईल त्यावर अक्षराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळ-गडद फरक, बदलतो. व्हिडिओ मागे असेल तर दर सेकंदाला बदलतो. डब्ल्यूसीएजीमधे, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ सांगितलंय, ते मोजायचं कुठल्या क्षणी? २०२५ मधे अॅपलने लिक्विड ग्लास हे काचेसारखं रूप आणल्यापासून मागणी वाढलीये आणि तेव्हाही वाचता येत नाही ही तक्रार लगेच झाली होती. काच ठेवायचीच तर अक्षराखाली जवळजवळ अपारदर्शक थर द्या. आणि काचेमागचं धूसर करणारा तो ब्लर साध्या फोनला जड जातो, स्क्रोल अडखळतं, हे मी हातात फोन घेऊन बघितलेलं आहे.

निरभ्र

मी डिझाइनर नाही, वापरणारी आहे, तरी लिहितेय कारण त्या स्क्रोलबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. मला आतल्या कानाचा त्रास आहे, तोल जातो, आणि ज्या साइटवर मागचं चित्र एका वेगाने आणि पुढचा मजकूर दुसऱ्या वेगाने सरकतो तिथे मला दहा सेकंदांत मळमळायला लागतं, एकदा तर तिकीट काढायच्या मधेच लॅपटॉप बंद करून अर्धा तास डोळे मिटून पडून राहावं लागलं आणि तोवर सेशन संपलेलं, सगळं पहिल्यापासून.

आयओएस ७ आलं तेव्हा असंच झालं होतं, अनेकांनी चक्कर येते म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अपडेटमधे अॅपलने हालचाल कमी करायची सेटिंग अॅप उघडतानाच्या झूमच्या अॅनिमेशनलाही लागू केली. माझ्या फोनवर, कॉम्प्युटरवर ती कायम चालू असते. २०१७ पासून ब्राउझर ही गोष्ट वेबसाइटलाही सांगायला लागले, म्हणजे मी आधीच सांगून ठेवलंय की मला हलणारं नको. तरी निम्म्या साइट ते ऐकतच नाहीत. कृपा करून ऐका हो. चार ओळींचं काम आहे असं मला एका ओळखीच्या डेव्हलपरने सांगितलं.

अर्धविराम

वरच्या प्रतिसादाला +१.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, मार्केटिंगमधे, म्हणून 'सगळे तर हेच करतायत' कुठून येतं ते सांगतो. साइट मंजूर होते ती मीटिंगच्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, वेगवान इंटरनेटवर, आणि माउस डिझाइनरच्या हातात. तिथे कुणी फॉर्म भरत नाही, कुणाला काही शोधायचं नसतं. त्या खोलीत काचेचं पॅनल आणि व्हिडिओ नेहमीच जिंकणार. पॉपअपचंही तेच, त्यातून किती ईमेल मिळाले हे दर महिन्याला अहवालात येतं, तो बघून किती जण निघून गेले ते कुणी लिहीत नाही.

होमपेजवरचा सरकता बॅनर तर निव्वळ तह असतो, प्रत्येक विभागाला पहिलं पान हवं म्हणून सगळ्यांना एकेक स्लाइड. २०१३ मधे अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठाच्या साइटवरचे आकडे जाहीर झाले होते, होमपेजवर आलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी बॅनरवर क्लिक केलं होतं आणि त्यातले बहुतेक पहिल्याच स्लाइडवर. मी हे आकडे आमच्या मीटिंगमधे दाखवले, कुणी वाद घातला नाही, बॅनरही कुणी काढला नाही. बॅनर गेला तो वेगळ्या कारणाने. आम्ही तीन अनोळखी लोकांना त्यांच्या फोनवर एकच काम दिलं आणि स्क्रीन रेकॉर्ड केली. साहेबांनी एका बाईंना परत परत चुकीच्या स्लाइडवर बोट ठेवताना बघितलं, कारण त्या दाबेपर्यंत ती पुढे सरकायची. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं फक्त. त्यामुळे माझा सल्ला, वाद घालू नका, तुमच्या आईसारखं कुणीतरी फॉर्म भरताना दाखवा, अर्थात त्यांना विचारून.

जुनीवही

सगळं पटलं, पण एक गोष्ट मला वेगळी काढावीशी वाटते. फिकट अक्षरं, काच, व्हिडिओ या चुका आहेत, कुणाचा तसा हेतू नसतो. पण 'स्वीकारा' हे मोठं रंगीत बटण आणि 'नाकारा' दोन पानं आत, ही चूक नाही, हे ठरवून केलेलं असतं. डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मधे अशा फसव्या डिझाइनला डार्क पॅटर्न हे नाव दिलं. आणि कुकीच्या पडद्याबद्दल क्लायंट म्हणतात कायद्यामुळे ठेवावाच लागतो, ते अर्धंच खरं आहे. युरोपच्या नियमांत साइट चालायला ज्या कुकी लागतातच, लॉगिन, खरेदीची टोपली वगैरे, त्यांना परवानगी विचारावी लागत नाही. वापरणाऱ्याचा माग काढणारी स्क्रिप्टच (साइटमधे टाकलेला छोटा कोड) नसेल तर तो पडदाही नको. हे क्लायंटला सांगून बघा, एक स्क्रिप्ट कमी केली की पडदा जातो म्हटल्यावर काही जण खरंच तयार होतात.

न संपणाऱ्या स्क्रोलचंही तेच. डिझाइनर एझा रॅस्किन यांनी २००६ मधे ते बनवलं आणि पुढे जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. माझी साधी तक्रार अशी की तळाशी संपर्काची लिंक असते आणि तिथे पोचायच्या आत नवीन मजकूर येऊन ती खाली जाते, आणि एखादा लेख उघडून बॅक केलं की परत पहिल्यापासून. बॅक बटण मोडणारं डिझाइन मी तरी कधी देत नाही, त्यासाठी एक काम सोडलंय.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. निरभ्र, तुमचा प्रतिसाद मी टीमला वाचून दाखवला, स्क्रोल आम्ही नेहमीचंच ठेवतोय, त्यावर आता चर्चा नाही. जुनीवही म्हणतायत तो फरक महत्त्वाचा वाटला, मी दोन्ही एकाच टोपलीत टाकत होते.

ठरवलंय ते असं. रकान्याचं नाव रकान्याच्या वर, कायम दिसणारं. मजकुराचा रंग गडद करून मोजून घेतला, आधीचा कॉन्ट्रास्ट २.८ ला १ निघाला होता आणि मला तो इतके दिवस नाजूक वाटत होता. अजून एक, फाइलमधे इंग्रजी नमुन्याचा मजकूर होता तो काढून खरा मराठी घातला तर ओळींची उंची कमी पडली, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना लागायला लागले आणि शीर्षकाला दिलेल्या अक्षरांतल्या अंतरामुळे शिरोरेषा तुटली. हे आधीच करायला हवं होतं. काच फक्त वरच्या पट्टीला राहिलीये, जवळजवळ अपारदर्शक.

व्हिडिओवर अडलंय. क्लायंटने त्यासाठी शूटिंग केलंय, त्यांच्या माणसांचं काम आहे त्यात आणि मला तो खरंच आवडलाय, टाकून द्यावासा वाटत नाही. आईला क्लायंटसमोर बसवायचं विचारलं, ती हो म्हणाली, सोमवारी येतेय. कोडवाला, व्हिडिओचं काय करता येईल?

कोडवाला

पार्श्वभूमीतून काढा आणि मजकुराच्या खाली स्वतःच्या जागी ठेवा, स्थिर चित्र आणि वर प्ले बटण. आपोआप सुरू नको, दाबल्याशिवाय डाउनलोडही नको. ज्याला बघायचाय तो आवाजासकट नीट बघेल, मागे अंधुक चालत होता त्यापेक्षा शूटिंग करणाऱ्यांनाही ते आवडेल. आणि सोमवारी आईंना त्यांच्याच फोनवर भरू द्या, वायफाय बंद करून.