मदत हवी आहे: सिसेरोच्या 'होनेस्टम'ला (लॅटिन शब्द: जे नैतिकदृष्ट्या योग्य, सन्मानाचं) मराठीत काय म्हणू?

मंडळी, रविवारी दादरच्या वाचनकट्ट्यावर मला प्राचीन रोमन वक्ता-विचारवंत सिसेरोवर बोलायचंय. सीझरच्या खुनानंतर, इ.स.पू. 44 मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी त्याने कर्तव्यावर ग्रंथ लिहिला. त्यातलं एक कोडं डोक्यातून जात नाही. ऱ्होड्स बेटावर अन्नटंचाई, व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो, मागून आणखी जहाजं येताहेत हे फक्त त्यालाच ठाऊक. सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? (आमचा भाजीवाला गप्पच बसेल!) सिसेरो म्हणतो, लपवू नये.

गाडी अडलीये ती 'होनेस्टम'पाशी. 'प्रामाणिकपणा' तोकडा पडतो, 'सद्गुण' कीर्तनी वाटतो, 'शील' म्हटलं की लोक भलतंच समजतात. काल लोकलमध्ये तिकिटामागे चार शब्द खरडले, माटुंगा येईपर्यंत चारही खोडले. कुणी सुचवेल का?