मदत हवी आहे: आर्किटेक्चरचा आराखडा आणि मॉडेलमधून निघणारा कोड यांची गाठ कुठे मारायची?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरात सरकारची औद्योगिक वसाहत) एका वॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर बघते. आमची टीम चार जणांची. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवट येतील.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने एंटरप्राइज आर्किटेक्चरचं काम, म्हणजे कंपनीच्या सगळ्या कामांचा आणि सॉफ्टवेअरचा आराखडा, बाहेरून करून घेतलं. असा आराखडा करायची टोगॅफ ही पद्धत, आर्किमेट या चित्रभाषेतली चित्रं, ती काढायला आर्ची हे टूल. कुठला विभाग काय करतो, कुठलं ॲप्लिकेशन कोणाच्या उपयोगाचं, आज काय आहे आणि पुढच्या तीन टप्प्यांत काय व्हायला हवं, हे सगळं त्यात आहे. काम मन लावून केलेलं आहे. साधारण त्याच सुमारास आम्ही मॉडेलमधून कोड काढायला लागलो. एक्लिप्सच्या ईएमएफ या मॉडेलिंगच्या साधनात ईकोर मॉडेल (कुठल्या वस्तू, त्यांची माहिती आणि नाती), त्यावर कोड काढणाऱ्या ॲक्सेलिओचे टेम्प्लेट, त्यातून जावाचे क्लास, डेटाबेसची टेबलं आणि स्क्रीनचा सांगाडा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी व्यवस्थित चालतात, पण एकीचा दुसरीला पत्ता नाही.

त्याचा फटका गेल्या पावसाळ्यात बसला. स्टोअरचा जुना फॉक्सप्रोमधला प्रोग्राम पहिल्याच टप्प्यात बंद करायचा, असं आराखड्यात स्पष्ट आहे. खरेदी विभागाने मागितला म्हणून आम्ही नेमका त्याच प्रोग्रामशी बोलणारा इंटरफेस तयार केला. तीन आठवडे गेले. आढावा बैठकीत भिंतीवरच्या चित्रावर कोणीतरी बोट ठेवलं तेव्हा लक्षात आलं. टीममधल्या नव्या मुलीने त्यासाठी दोन रविवार दिले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी जेआर्चीची (आर्चीत स्क्रिप्ट चालवणारं प्लगइन) स्क्रिप्ट लिहून आर्किमेटच्या फाइलमधून थेट ईकोर मॉडेल काढून पाहिलं. हाती काही लागलं नाही. आर्किमेटच्या डेटा ऑब्जेक्टला (माहितीच्या चौकोनाला) ॲट्रिब्यूट, म्हणजे आतले रकाने, नसतात, नात्यांवर 'एकाला एक' की 'एकाला अनेक' हे लिहायची सोय आम्हाला मिळाली नाही. ॲप्लिकेशन कंपोनंटचा (सॉफ्टवेअरच्या चौकोनाचा) क्लास केला तर 'डिस्पॅच' नावाचा एक पोकळ क्लास मिळतो, त्याचं करायचं काय?

सगळ्यात जास्त अडलं ते हीट नंबरपाशी. वॉल्व्हची कास्टिंग ज्या ओतकामातून आली त्याचा हा नंबर. रिफायनरीसारखं गिऱ्हाईक ईएन १०२०४ या युरोपीय मानकाचा ३.१ दाखला (साहित्याच्या तपासणीचा) मागतं, त्यात तो लागतो. आराखड्यात 'वॉल्व्ह' आणि 'साहित्य दाखला' असे दोन चौकोन आहेत, मध्ये एक रेघ. त्यावरून आम्ही वॉल्व्हला हीट नंबरचा एक रकाना दिला. प्रत्यक्षात बॉडी वेगळ्या हीटची असते, बॉनेट, म्हणजे वरचं झाकण, वेगळ्या हीटचं. तपासणीवाल्या भाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बेन, यात बॉनेटचा नंबर कुठे लिहू?"

तर माझे प्रश्न असे. आराखडा आणि कोडचं मॉडेल यांना नेमकं कुठल्या पातळीवर जोडायचं? टप्पे बदलतात तसं मॉडेलने काय करायचं, आजचं रूप धरायचं की तीन वर्षांनंतरचं? आणि मॉडेल बदलून पुन्हा कोड काढला की हाताने लिहिलेलं पुसलं जातं, त्यावर तुम्ही काय करता?

— मांडवी

प्रतिसाद: कोथरूडकर

ताई, थेट रूपांतर सोडून द्या. मीही एका बँकेच्या कामात वर्षभर त्यामागे होतो.

तुमच्या गुजरातेत टीपी स्कीम (नगररचना योजना) असते ना, तिचं उदाहरण घ्या. टीपीच्या नकाशात रस्ते, बाग, शाळेची जागा आणि प्रत्येक फायनल प्लॉटचा नंबर असतो. त्या नकाशावरून कोणी घराचा जिना काढत नाही. पण घराच्या प्लॅनवर फायनल प्लॉट नंबर नसेल तर तो मंजुरीला जातच नाही. तुम्हाला एवढीच गाठ हवी आहे. कोडच्या मॉडेलमधल्या प्रत्येक पॅकेजवर (क्लासच्या गटावर) आराखड्यातल्या घटकाचा आयडी लिहा. नाव नको, आयडीच. आर्ची प्रत्येक घटकाला आयडी देतं आणि नाव बदललं तरी तो तसाच राहतो. मात्र घटक पुसून नव्याने काढला की आयडी नवा होतो, ही सूचना आराखडा सांभाळणाऱ्यांना आधीच देऊन ठेवा.

मग बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होताना, एक तपासणी घाला. पॅकेजवर आयडी नाही, आयडी आराखड्यात सापडत नाही किंवा तो घटक बंद व्हायच्या यादीत आहे, तर बिल्ड थांबला पाहिजे. फॉक्सप्रोचं प्रकरण पहिल्या तासात पकडलं गेलं असतं.

ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये एमडीए, म्हणजे मॉडेलवरून सॉफ्टवेअर करायची पद्धत, मांडली. पुढे त्यात तीन पायऱ्या सांगितल्या: सीआयएम (धंद्याचं मॉडेल), पीआयएम (कुठल्याही तंत्रज्ञानाला न बांधलेलं सॉफ्टवेअरचं मॉडेल) आणि पीएसएम (ठराविक तंत्रज्ञानासाठीचं मॉडेल). पीआयएमपासून पीएसएमपर्यंत उतरायला क्यूव्हीटी या रूपांतराच्या भाषेसारखं साधन आहे. धंद्याच्या भाषेतून, म्हणजे सीआयएममधून पीआयएममध्ये यायचं तर माणसानेच बसून विचार करावा लागतो. तुमचा हीट नंबर त्याच पायरीवर घसरलाय, टूल बदलून तो सुटणार नाही.

प्रतिसाद: पाटी_पेन्सिल

तिसऱ्या प्रश्नापुरतं. निघालेला कोड आणि हाताने लिहिलेला कोड एका फाइलमध्ये ठेवूच नका. निघालेला वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याचा बेस क्लास, आणि तुमचं लिखाण त्याच्या सबक्लासमध्ये (त्यावरून पुढे केलेल्या क्लासमध्ये). ईएमएफच्या स्वतःच्या कोडमध्ये मेथडवर 'जनरेटेड' अशी खूण असते, ती 'जनरेटेड नॉट' केली की ती मेथड पुढच्या वेळी तशीच राहते. ॲक्सेलिओमध्येही राखीव भाग ठेवता येतात. पण या खुणा वाढत गेल्या की कुठे काय हाताने बदललंय ते कोणालाच आठवत नाही. सबक्लासच बरा.

प्रतिसाद: रावपुरा

मीही बडोद्याचाच, पण माझं काम डेटाचं. कोथरूडकरांशी सहमत, फक्त मधली पायरी कशी चढायची ते त्यांनी सांगितलं नाही.

कोडच्या मॉडेलआधी एक छोटं शब्दांचं मॉडेल करा. पंचवीस-तीस शब्द पुरे. वॉल्व्ह, कास्टिंग, हीट, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), दाखला. प्रत्येकापुढे एक वाक्य आणि किती-ला-किती. हे ऑफिसात बसून करू नका, तपासणीवाल्या भाईंच्या टेबलाशी बसून करा, आणि गुजराती शब्द आला तर तोच ठेवा. 'ऑर्डर' शब्दाकडे खास बघा. विक्रीत ती गिऱ्हाइकाची पीओ (खरेदी ऑर्डर) असते, प्लॅनिंगमध्ये वर्क ऑर्डर (कारखान्यातल्या कामाची). आराखड्यात एकच चौकोन असेल तर तो आत्ताच फोडा.

टप्प्यांबद्दल: आर्किमेटमध्ये प्लॅटो (ठराविक काळातली स्थिती) हा घटक त्यासाठीच आहे. तुमचे तीन टप्पे म्हणजे तीन प्लॅटो. प्रत्येक ॲप्लिकेशन कुठल्या प्लॅटोत आहे ते जोडा आणि कोड काढताना एकच प्लॅटो निवडा. मूळ मॉडेल शेवटच्या टप्प्याचं असू दे. जुन्या प्रोग्रामशी बोलणारे अडॅप्टर त्या-त्या प्लॅटोपुरते वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा, म्हणजे टप्पा संपला की ते पॅकेज अख्खं काढता येईल.

मांडवी

तिघांचे मनापासून आभार. टीपी स्कीमचं उदाहरण आमच्या साहेबांना एका मिनिटात पटलं, त्यांचं घरच नव्या टीपीत आहे.

दहा दिवसांत एवढं झालं. पॅकेजवर आयडी घातले आणि बिल्डमध्ये तपासणी बसवली. पहिल्याच दिवशी बिल्ड थांबला, कारण दोन पॅकेजना आराखड्यात जागाच सापडेना. त्यातलं एक, गॅरंटीतली दुरुस्ती, कंपनी खरंच करते. आराखड्यातून ते राहून गेलं होतं. म्हणजे चूक नेहमी कोडच्याच बाजूला असते असं नाही, हे मला नवीन होतं.

भाईंच्या टेबलाशी दोन दुपारी बसले. आता वॉल्व्हला रकाना नाही. वॉल्व्हला अनेक भाग, दाब झेलणाऱ्या प्रत्येक भागाला एक हीट, आणि दाखला हीटशी जोडलेला. भाईंनी अजून एक सांगितलं: हायड्रो टेस्टमध्ये बॉडी गळली तर ती बदलतात, म्हणजे त्याच वॉल्व्हची हीटही बदलते. त्यामुळे कुठला भाग कधी बसवला ती तारीखही मॉडेलमध्ये आली.

रावपुरा, एक अडकलंय. दुसऱ्या टप्प्यात सहा महिने स्टोअरच्या नोंदी जुन्या आणि नव्या दोन्हीकडे होणार आहेत. त्या काळात साठ्याचा खरा आकडा कुठला मानायचा, हे आराखड्यात कुठे लिहायचं? प्लॅटोवर, की डेटा ऑब्जेक्टवर?