अनुभव धागा: कल्पनेतली घराणी, खरे नेते आणि तारे

फँटसी वाचणारे एकत्र आले की हा खेळ सुरू होतोच. अमुक मंत्री कोणत्या घराण्यात शोभला असता, तमुक अभिनेत्री कोणती राणी झाली असती, निवडणुकीला कोणत्या जादूगाराला उभं करावं. १९६५ साली अमेरिकेत टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' स्वस्त पेपरबॅकमध्ये आलं आणि थोड्याच काळात विद्यार्थ्यांच्या कोटांवर 'फ्रोडो जिवंत आहे' (त्यातला नायक) आणि 'गँडाल्फला राष्ट्राध्यक्ष करा' (त्यातला जादूगार) असे बिल्ले दिसायला लागले. म्हणजे हा खेळ साठ वर्षांचा तरी नक्की आहे.

या धाग्यात किस्से नकोत, कृती हवी. तुम्ही खेळत असलेला प्रकार कसा मांडायचा, किती माणसं लागतात, कुठे फसतो आणि का, हे लिहा. नवख्या गटाला वाचून लगेच खेळता आलं पाहिजे.

*

हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या चार घरांत प्रसिद्ध माणसांची वाटणी: ग्रिफिंडॉर शूरांचं, स्लिदरिन महत्त्वाकांक्षी लोकांचं, रेव्हनक्लॉ हुशारांचं, हफलपफ कष्टाळूंचं. सगळ्यांना माहीत असलेला आणि सर्वांत जास्त बिघडणारा प्रकार.

बिघडतो तो एकाच कारणानं: नावडती माणसं सरसकट स्लिदरिनमध्ये आणि आवडती ग्रिफिंडॉरमध्ये जातात. अशी वाटणी केली तर ती आपल्या आवडीनिवडीची यादी होते, पुस्तकाचा त्यात काही भाग उरत नाही. आणि पुस्तकच त्याच्या विरुद्ध आहे. मित्रांना दगा देणारा पीटर पेटिग्रू ग्रिफिंडॉरचा, तर शेवटच्या लढाईत उभा राहणारा स्लगहॉर्न स्लिदरिनचा.

दुसरी चूक म्हणजे गुण बघून घर देणं. हुशार दिसला की रेव्हनक्लॉ. हर्मायनीपेक्षा हुशार कोण? तरी ती ग्रिफिंडॉरमध्ये आहे, कारण घर ठरवणारी जादूची टोपी माणसाकडे काय आहे यापेक्षा त्याला काय महत्त्वाचं वाटतं याला वजन देते. हॅरीच्या वेळी तर त्यानं स्लिदरिन नको म्हटलं, तेही तिनं मानलं.

म्हणून पद्धत अशी ठेवा. दहा-बारा नावं घ्या, जास्त नकोत. प्रत्येक नावासाठी त्या व्यक्तीच्या जाहीर आयुष्यातले तीन प्रसंग लिहा, ज्यात दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच निवडायची वेळ आली होती: पद की मैत्री, खरं बोलणं की पक्ष सांभाळणं, मोठी भूमिका की मनासारखी भूमिका. मग नाव झाकून फक्त प्रसंग वाचून दाखवायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी चिठ्ठीवर घर लिहायचं. नाव शेवटी उघडायचं. नाव आधी कळलं तर मत प्रसंगावर पडत नाही, चेहऱ्यावर पडतं. प्रसंग लिहिणाऱ्यानं त्या फेरीत मत द्यायचं नाही.

*

फॅन-कास्टिंगबद्दल. कोणत्या पात्रासाठी कोणता नट, यावरचे वाद बहुतेक वेळा वयावर अडकतात, आणि अडकायलाच हवेत. पडद्यावरचा चेहरा डोक्यात इतका घट्ट बसलेला असतो की पुस्तकातलं वय विसरलं जातं.

हॅरी पॉटरमधला शिक्षक स्नेप पहिल्या भागात ३१ वर्षांचा आहे. चित्रपटात ती भूमिका करणारे ॲलन रिकमन १९४६ सालचे, म्हणजे पन्नाशी पार केलेले. हॅरीचे आईवडील मेले तेव्हा २१ वर्षांचे होते. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या पहिल्या पुस्तकात नेड स्टार्क पस्तिशीचा आहे. या पुस्तकांवरच्या २०११च्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत तो पन्नाशी उलटलेल्या नटानं केला. वय बदललं की पात्राचा अर्थ बदलतो. एकतीस वर्षांच्या माणसाचा जुना राग आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाचा जुना राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जखम ओली असते.

प्रत्येक पात्रासाठी एक तक्ता करा, चार रकान्यांचा: पुस्तकातलं वय, पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं रूप (वाचकानं गृहीत धरलेलं नव्हे), पात्राचा सर्वांत अवघड प्रसंग, आणि सुचवलेल्या कलाकाराचं तशाच प्रसंगातलं एखादं काम. चौथा रकाना भरता आला नाही तर नाव मागे घ्यायचं. दिसायला सारखा असणं हे कारण धरायचं नाही. वयात पाच वर्षांपर्यंतची सूट चालते.

त्याच कथेतली राजकन्या डेनेरिस पहिल्या पुस्तकात तेरा वर्षांची आहे. अशा पात्रांसाठी खऱ्या अल्पवयीन कलाकारांची नावं चर्चेत आणू नयेत. पात्राचं वय वाढवून प्रौढ नाव सुचवा, मालिकेनंही वय वाढवलंच होतं.

*

ताऱ्यांना आणि पक्षांना कुलचिन्हं देण्याचा खेळ फार सुंदर होतो, पण रंगांचा जुना नियम माहीत असेल तरच.

युरोपातल्या ढालींवरच्या चिन्हांत सोनेरी-पिवळा आणि चंदेरी-पांढरा हे 'धातू' धरतात. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण साधं आहे: ढाल रणांगणात लांबून ओळखू यायला हवी. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या घराण्यांत बॅरॅथिऑनांचा सोनेरी पार्श्वभूमीवरचा काळा सांबर आणि लॅनिस्टरांचा लालवरचा सोनेरी सिंह हा नियम पाळतात. टारगेरियनांचा काळ्यावरचा लाल ड्रॅगन तो मोडतो. म्हणूनच हौशी लोकांनी शिवलेल्या झेंड्यांवर तो संध्याकाळच्या उजेडात नाहीसा होतो, आणि कडेनं पातळ पांढरी रेघ मारावी लागते.

पायऱ्या: एकच प्राणी किंवा एकच वस्तू निवडा. दोन रंग, फार तर तीन. नाण्याएवढं लहान काढून हातभर अंतरावरून बघा. ओळखू आलं नाही तर तपशील जास्त झालाय. चिन्ह माणसाच्या कामातून यावं. दहा वर्षं एकाच प्रकारची भूमिका करणाऱ्याला मोर देण्यापेक्षा घाण्याचा बैल जास्त बोलतो.

ब्रीदवाक्यात वेळ घाला, खेळाचा जीव तिथे आहे. दोन ते चार शब्द. त्या कथेतल्या बहुतेक घराण्यांची ब्रीदं बढाई मारतात, स्टार्कांचं एकटंच इशारा देतं: हिवाळा येतोय. म्हणून तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. नेत्यासाठी ब्रीद लिहिताना त्याची घोषणा उचलू नका. जी गोष्ट तो कधीच उघड म्हणणार नाही पण प्रत्येक निर्णयात पाळतो, ती लिहा. मराठीत लिहिताना क्रियापद शेवटी ठेवण्याचा हट्ट सोडला तर ब्रीद ठसठशीत होतं. 'आम्ही कधी विसरत नाही' याच्या जागी 'विसर नाही आम्हाला' म्हणून बघा.

*

पात्रांची निवडणूक. इथे एका गोष्टीवर अडून बसा: एकच शिक्का मारायची पद्धत वापरू नका. चांगली पात्रं एकमेकांची मतं खातात आणि ज्याला बहुसंख्य लोक नाकारतात तोच निवडून येतो. पसंतीक्रम द्यायला लावा.

समजा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली तीन पात्रं उभी आहेत आणि ४० मतं आहेत. पहिल्या पसंतीत अरागॉर्न १५, फारामिर १३, सॅम १२. निम्म्यापेक्षा जास्त कोणालाच नाहीत. सॅम बाद. त्याच्या १२ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती मोजा: ९ फारामिरला, ३ अरागॉर्नला. फारामिर २२, अरागॉर्न १८. फारामिर निवडून आला, एकशिक्का पद्धतीत तो हरला असता. ही मोजणी सगळ्यांसमोर करा. मतदानपद्धतीनं निकाल कसा बदलतो हे पुस्तकी व्याख्यानापेक्षा इथे लवकर उमगतं.

जाहीरनामा फक्त पुस्तकातल्या कृतींवर. दीडशे शब्द, त्यात किमान तीन घटना. 'तो दयाळू आहे' चालणार नाही. त्यानं कोणाला, कधी, काय गमावून सोडलं ते लिहा. प्रत्येक उमेदवाराला विरोधकानं एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरही पुस्तकातूनच द्यायचं. गँडाल्फला नेहमी हा प्रश्न येतो: फ्रोडोनं अमर्याद सत्ता देणारी अंगठी देऊ केली तेव्हा ती नाकारणारा माणूस सत्ता घेईल का? त्याला राष्ट्राध्यक्ष करा म्हणणाऱ्या बिल्ल्यांची गंमत इथेच आहे, ज्याला सत्तेची भीती वाटते तोच लोकांना हवासा वाटतो.

*

निकालाच्या किंवा पुरस्कारांच्या रात्रीसाठी बिंगो, थोडक्यात. ५ गुणिले ५ चौकटींचं कार्ड, घटना घडली की तिची चौकट खोडायची आणि सरळ किंवा तिरपी ओळ पुरी करायची. मधली चौकट मोफत, म्हणजे २४ घटना. घटना पुस्तकाच्या भाषेत: 'जुना शत्रू शपथविधीला पहिल्या रांगेत', 'दत्तक वारस व्यासपीठावर', 'कावळा पत्र घेऊन येतो' ('गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये टपाल कावळे नेतात, इथे अर्थ अधिकृत निवेदन). यादी किमान ४० घटनांची करा, नाहीतर कार्डं सारखी होतात.

घटना साधारण अर्धीअर्धी शक्यता असलेल्या निवडा. मग मधल्या चौकटीतून जाणारी ओळ पुरी व्हायची शक्यता १६त १, बाकीच्या ओळींची ३२त १. बारा ओळी धरून दोन कार्डांमागे साधारण एक ओळ भरते. सोप्या घटना घेतल्या तर पहिल्या अर्ध्या तासात खेळ संपतो. भांडण होतं ते 'भावुक होतो'सारख्या मोघम घटनांवर. 'रुमाल काढतो' लिहा.

*

मोर्च्यातले फलक. संदर्भ असा निवडा की पुस्तक न वाचलेल्यालाही राग किंवा हसू कळावं, आणि वाचलेल्याला त्यामागचं जास्त कळावं. फक्त वाचलेल्यांनाच कळणारा फलक रस्त्यावर वाया जातो.

अक्षराच्या उंचीचा ठोकताळा: दर ३ मीटर अंतरामागे अडीच सेंटिमीटर. ९ मीटरवरून वाचायचा तर साडेसात सेंटिमीटर, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेषांत १५ सेंटिमीटर ठेवा. १०० सेंटिमीटर रुंद आणि ७० उंच पुठ्ठ्यावर ओळीला दहा-बारा अक्षरं आणि चार ओळी बसतात. त्यापेक्षा लांब वाक्य असेल तर वाक्य कापा, अक्षर लहान करू नका.

सर्वांत टिकाऊ फलक म्हणजे हात. 'हंगर गेम्स' या कादंबरीमध्ये डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून पुढे धरतात. अर्थ आभार, आदर, आणि प्रिय माणसाचा निरोप. मे २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोकांनी ही खूण उचलली. ओठांना लावणं गळालं, नुसती तीन बोटं वर राहिली, आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता असा अर्थही जोडला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांसमोर ही खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१च्या उठावानंतर म्यानमारमध्येही तीच खूण दिसली. खर्च नाही, जप्त होत नाही, अंधारातही आकार कळतो.

३ ऑगस्ट २०२०ला बँकॉकच्या लोकशाही स्मारकापाशी निदर्शक जादूगारांचे झगे घालून आले. हॅरी पॉटरमधल्या खलनायकासाठीची 'ज्याचं नाव घ्यायचं नाही' ही कल्पना तिथे नेमकी बसली, कारण थायलंडमध्ये राजनिंदेच्या कलम ११२खाली तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे. सांकेतिक नाव कायद्यापासून वाचवेलच असं मात्र समजू नका.

*

याच मुद्द्याला धरून. तुर्कस्तानात २०१५ साली राष्ट्राध्यक्षांची छायाचित्रं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या, अंगठीच्या लोभानं बिघडलेल्या गॉलमच्या छायाचित्रांशेजारी लावल्याबद्दल एका डॉक्टरवर खटला चालला. गॉलम ही व्यक्तिरेखा दुष्ट आहे का, हे ठरवायला न्यायाधीशांनी पाच तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. चित्रपटाच्या दिग्दर्शकानं म्हटलं की ती चित्रं गॉलमची नाहीतच, स्मीगलची (त्याच जीवाच्या चांगल्या बाजूची) आहेत, आणि स्मीगल दुष्ट नाही. पात्राचा नेमका बारकावा कोर्टातही महत्त्वाचा ठरू शकतो.

आणि पुस्तक कोणाच्या एकाच्या मालकीचं नसतं. अमेरिकेतले युद्धविरोधी तरुण ज्या पुस्तकाचे बिल्ले लावत होते, त्याच पुस्तकाच्या नावानं इटलीत १९७७ साली उजव्या टोकाच्या पक्षाच्या तरुणांनी 'हॉबिट शिबिर' भरवलं. टॉल्किननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथा आपल्याला आवडत नाही असं स्पष्ट लिहिलंय. वाचकानं स्वतः लावून घेतलेला अर्थ त्याला चालतो, लेखकानं लादलेला नाही. म्हणून 'अमुक पात्र म्हणजेच अमुक नेता' असं लिहू नका. 'या प्रसंगी या नेत्यानं केलं ते या पात्राच्या या कृतीसारखं आहे' असं लिहा. असं वाक्य खोडून काढता येतं, आणि ज्याच्यावर वाद घालता येतो तोच खेळ पुढे सरकतो.

*

गमतीतून काम उभं करायचं असेल तर २००५ साली सुरू झालेल्या हॅरी पॉटर अलायन्स या चाहत्यांच्या संघटनेकडे बघा. त्यांनी एकच ठोस मागणी धरली: पॉटरच्या नावानं विकलं जाणारं चॉकलेट प्रमाणित, न्याय्य पद्धतीनं पिकवलेल्या कोकोचं असावं. आधार पुस्तकातलाच, हर्मायनीची घरकाम करणाऱ्या एल्फांसाठीची धडपड. मोहीम चार वर्षं चालली आणि जानेवारी २०१५मध्ये पॉटरचे चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सनं ते वर्षअखेरपर्यंत करायचं मान्य केलं. 'जगातला अन्याय संपवा' अशी मागणी असती तर होकार कोणी आणि कशाला द्यायचा हेच ठरलं नसतं.

*

शेवटी चित्रं आणि बनावट बातम्या करणाऱ्यांसाठी. दरबारी बखरीच्या भाषेत ताऱ्यांच्या लग्नाचा वृत्तांत लिहिणं मजेचं आहे, पण तुकडे कापून फिरतात. 'कल्पित' हा शब्द मजकुराखाली टाकला तर कापला जातो. चित्राच्या मध्यभागी, मजकुरावरूनच तिरपा लिहा. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी खरं वाटेल असं वाक्य घालू नका. तिच्या तोंडी ड्रॅगन, शपथा, कावळे असं काहीतरी हवंच, म्हणजे कोणी फसणार नाही. ताऱ्यांची मुलं, आजारपण आणि घरातली भांडणं बाहेर ठेवा.

मालिकेची अक्षरशैली आणि चिन्ह जसंच्या तसं उचलण्यातही जोखीम आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी निर्बंधांची घोषणा 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या अक्षरांत केली, तेव्हा ती मालिका दाखवणाऱ्या वाहिनीनं लगेच जाहीरपणे ट्रेडमार्कच्या गैरवापराकडे बोट दाखवलं. बिल्ले किंवा टी-शर्ट विकणार असाल तर अक्षरं हातानं काढा आणि घराण्याचं नावही स्वतःचं ठेवा.