क्लेझमरमधला हुंदका म्हणजे मींड नव्हे
क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नसमारंभातलं वाद्यसंगीत. इथल्या चर्चेत एकांनी त्यातल्या क्लॅरिनेटच्या हुंदक्याला मींड म्हटलंय, त्यात थोडी भर घालतो. मींडेत एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचं असतं. क्रेख्ट्समध्ये, म्हणजे या हुंदक्यात, सूर मुद्दाम तोडतात. व्हायोलिनवर सूर संपता संपता वरच्या जागी बोट हलकेच टेकतं, त्याच क्षणी गज थबकतो आणि निसटता, दाबलेला आवाज उमटतो. गळा दाटून आल्यासारखा. आपल्याकडचं जवळचं काही सांगायचं तर कणस्वर (मुख्य सुराला निसटता लागणारा सूर), पण कण बहुधा सुराच्या आधी लागतो, हा शेपटाला येतो. ड्रेडलेख, म्हणजे सुराभोवतीच्या झटपट गिरक्या, मात्र मुरकी ऐकलेल्या कानाला लगेच ओळखू येतील.

दुसरं, सिम्बल (क्लेझमरमधलं संतूरसारखं वाद्य) काड्यांनी वाजवतात म्हणून कुणी ते तालवाद्यांत टाकलंय. नाद तारेचा आहे, तेव्हा संतूरप्रमाणे ते तंतुवाद्यच. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांच्या १९१४ च्या वाद्यांच्या वर्गीकरणातही तसंच आहे.

फ्रेगिश या क्लेझमरवाल्यांच्या लाडक्या स्वरसप्तकात रे, ध, नि कोमल आणि ग, म शुद्ध. म्हणजे बसंत मुखारी रागाचेच स्वर! चलन, म्हणजे सुरांची फिरत, अर्थात पूर्ण वेगळं.

ऐकायला सुरुवात नाफ्तुले ब्रांडवाइनपासून करा. पूर्व युरोपातल्या गॅलिशियात जन्मलेला हा क्लॅरिनेटवादक १९०८ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२० च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या. त्यातल्या संथ रचना आधी घ्या. लग्नातल्या नाचाच्या जलद चालींत हे अलंकार इतके भराभर येतात की पहिल्यांदा ऐकताना वेगळे काढता येत नाहीत.