प्राजूचा गुरुवारचा इंटरव्ह्यू (फॅमिली ग्रुप, मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५)

प्राजू (स्लाउ) · रात्री ८:४२
ऋताताई, आहेस का गं? परवा जॉबसेंटरला, म्हणजे इथल्या सरकारी रोजगार ऑफिसला, बोलावलंय. युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी कमाईच्या घरांना इथलं सरकार देतं तो भत्ता) सेल्फ-एम्प्लॉयमेंटचा इंटरव्ह्यू. पत्रात लिहिलंय की धंद्याचा पुरावा आणा. माझ्याकडे डब्यांची वही आणि बँकेचं स्टेटमेंट, एवढंच आहे. डोकं बधिर झालंय.

मधुकाका · ८:४५
चांगल्या सीएकडून बॅलन्स शीट सर्टिफाय करून घे. शिक्का असला की कुणी काही विचारत नाही.

सुमाकाकू · ८:४६
फराळ संपला का गं तुझा? चकल्यांचे फोटो झकास होते 😋

ऋता (लेस्टर) · ८:५१
आहे आहे. काका, इथे सीएचा शिक्का कुणी मागत नाही. प्राजू, नीट ऐक. त्यांना एकच ठरवायचं असतं: हा तुझा खरा धंदा आहे की हौस. तुझं मुख्य काम हेच आहे का, नियमित करतेस का, हिशेब-व्यवस्था नीट आहे का, नफा व्हावा म्हणून करतेस का. हे पटलं तर दुसरी नोकरी शोधायची सक्ती नाही. नाही पटलं तर आठवड्याला इतके तास नोकरी शोध म्हणून मागे लागतील, आणि डब्यांचं उत्पन्न तरीही मोजतील.

ऋता (लेस्टर) · ८:५२
एचएमआरसीकडे, टॅक्स खात्याकडे, सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून नोंद झालीय ना? यूटीआर, म्हणजे टॅक्सचा नंबर, आलाय?

प्राजू (स्लाउ) · ८:५३
हो, दहा आकडी. गेल्या वर्षीचं रिटर्न पण भरलंय.

ऋता (लेस्टर) · ८:५४
मग अर्धं काम झालं. त्याची प्रिंट घे.

मधुकाका · ८:५८
माझं स्पष्ट मत. आपल्या घराण्यात आजवर कुणी सरकारपुढे हात पसरला नाही.

मीनाआत्या · ९:०१
मधू, २०२० साली दुकानाच्या कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकललेस, तो हात कुणापुढे पसरला होतास? रिझर्व्ह बँकेनेच सवलत दिली होती ना? पोर तिथे इतकी वर्षं टॅक्स भरतेय. अमोलच्या ऑपरेशननंतर घर एकटी ओढतेय.

मधुकाका · ९:०२
मी फक्त सीएबद्दल बोलत होतो.

केदार · ९:०४
ऋता, आपला पिंट्या वर्क व्हिसावर आहे, साइडला फोटोग्राफी करतो. त्याला मिळेल का हे?

ऋता (लेस्टर) · ९:०६
नाही. त्याच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' लिहिलेलं असतं, म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. अर्जसुद्धा करू नको म्हणावं, व्हिसाच धोक्यात येईल. आणि साइड बिझनेसला व्हिसाची परवानगी आहे का ते आधी बघायला सांग. प्राजू-अमोलचं सेटलमेंट झालंय, कायम राहायची परवानगी आहे, म्हणून त्यांना चालतं.

केदार · ९:०७
बरं बरं. त्याचं इथे बोलू नको, काकू वाचतात 🙏

सुमाकाकू · ९:०७
वाचतेच आहे.

प्राजू (स्लाउ) · ९:१२
ताई, हे बघ माझी वही. [फोटो] "खालच्या काकू – चकली ४ पाकिटं, चिवडा १, पैसे यायचेत." सगळं असंच लिहिलंय. कुणी रोख देतं, कुणी ट्रान्सफर. माझं वेगळं खातं नाही.

ऋता (लेस्टर) · ९:२०
वही सोन्यासारखी आहे, फेकू नकोस. तारीखवार दोन रकाने कर, आलेले पैसे आणि गेलेले पैसे. "यायचेत" ते आत्ता धरायचं नाही. यूसीमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये) पैसे हातात आले त्या महिन्यात मोजतात, बिल कधी केलंस ते बघत नाहीत. क्लेम कोणत्या तारखेला केलास?

प्राजू (स्लाउ) · ९:२१
१० ऑक्टोबर.

ऋता (लेस्टर) · ९:२६
म्हणजे तुझा महिना १० ते ९. फराळाचे १० तारखेपासून आलेले सगळे पैसे पहिल्याच महिन्यात येणार. आणि खर्चही तोच धरतात, जो त्या महिन्यात केलास.

प्राजू (स्लाउ) · ९:२७
अगं पण बेसन, तूप, भाजणी सगळं मी सप्टेंबरअखेर भरलं! म्हणजे कमाई दिसणार आणि खर्च दिसणार नाही??

ऋता (लेस्टर) · ९:२९
हो. जाचक आहे, पण नियम तसाच आहे. म्हणून परवा आपणहून सांग, की दिवाळी हा माझा सीझन आहे, ऑक्टोबरवरून वर्षाचा अंदाज काढू नका. सप्टेंबरच्या पावत्या आणि गेल्या वर्षीचे बारा महिने समोर ठेव, म्हणजे चढ-उतार दिसेल.

मधुकाका · ९:३३
सीएने हेच नीट मांडून दिलं असतं. डोंबिवलीत माझ्या ओळखीचा आहे, ऑनलाइन करून देईल.

मीनाआत्या · ९:३४
मधू, पुरे.

प्राजू (स्लाउ) · ९:३८
गाडीचं काय? डबे मीच पोचवते.

ऋता (लेस्टर) · ९:४४
पेट्रोलच्या पावत्यांची भानगड नको. धंद्यासाठी चालवलेल्या मैलांवर ४५ पेन्स, महिन्याला ८३३ मैलांपर्यंत, पुढे २५ पेन्स. डायरीत रोजचे मैल लिही. घरच्या किचनसाठीही ठरलेली रक्कम आहे: महिन्याला २५ ते ५० तास काम असेल तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८, त्यापुढे २६. आणि किराण्याच्या एकाच पावतीवर भाजणी आणि मुलांचं सीरियल असेल तर भाजणीला खूण कर, तेवढंच धर.

केदार · ९:४६
एक वर्ष सूट असते म्हणे?

ऋता (लेस्टर) · ९:५३
हो, स्टार्ट-अप पिरियड, १२ महिने. खरा धंदा म्हणून मान्य झाला आणि तो वाढवायचा प्रयत्न दिसला तर. त्या काळात जेवढी कमाई तेवढीच धरतात, मधूनमधून भेटीला बोलावतात. वर्ष संपलं की 'मिनिमम इन्कम फ्लोअर' लागतो. म्हणजे तू कमी कमावलंस तरी किमान वेतनाइतकं कमावलंस असं गृहीत धरून पैसे कापतात. २०२५-२६च्या दराने तासाला १२.२१ पौंड, ३५ तास धरले तर महिन्याला टॅक्सआधी साधारण १,८५० पौंड. मुलांमुळे तुझे तास कमी धरतील, आणि जोडपं म्हणून हिशेब दोघांचा मिळून होतो. तरी परवा हे विचारूनच ये. पुढच्या ऑक्टोबरला अचानक कळायला नको. मला अजून राग येतो या नियमाचा. जानेवारीत कुठल्या डबेवालीचा धंदा भरात असतो?

प्राजू (स्लाउ) · ९:५८
आणखी एक. फॉर्ममध्ये बचत आणि प्रॉपर्टी विचारलीय. परदेशातली पण. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बाबांचा हिस्सा माझ्या नावावर आहे.

मधुकाका · ९:५९
ते तिथे सांगायचं काही कारण नाही. इथलं इथे.

मधुकाका · १०:००
रीडेव्हलपमेंटचं आत्ता कुठे मार्गी लागतंय. उगाच परदेशी सरकारला आपल्या फ्लॅटची कागदपत्रं कशाला?

ऋता (लेस्टर) · १०:०८
काका, नम्रपणे सांगते, हे लपवायचं नाही. उद्या कळलं तर दिलेले पैसे परत मागतात, दंड होतो, खटलाही होऊ शकतो. ६,००० पौंडांच्या वर भांडवल असलं की पैसे कमी होतात आणि १६,०००च्या वर गेलं की क्लेमच बसत नाही, भारतातली मालमत्ता धरून. पण पेन्शनच्या वयाचे आई-वडील ज्या घरात राहतात ते घर मोजत नाहीत. मोठी काकू, म्हणजे प्राजूची आई, तिथे राहते, सत्तरीची आहे. म्हणून सांगणं प्राजूच्याच फायद्याचं आहे. पुढे इमारत पाडायला निघाली आणि काकू भाड्याच्या घरात गेली, तर तेव्हा पुन्हा कळवायचं.

मधुकाका · १०:१०
मेंटेनन्स आठ वर्षं मी एकटा भरतोय, ते पण कळवा मग.

सुमाकाकू · १०:११
अहो, आत्ता नको.

मीनाआत्या · १०:१४
मधू, तुझ्या मेंटेनन्सचा हिशेब आपण तिघं बसून करू, मी शब्द देते. तो प्राजूवर काढू नकोस. वहिनी हे वाचत असतील.

प्राजूची आई · १०:१६
वाचतेय. प्राजू, खरं तेच सांग.

प्राजू (स्लाउ) · १०:३५
फाइल लावतेय. यूटीआर, रिटर्न, बारा महिन्यांची स्टेटमेंट, वही, मैलांची डायरी, ऑर्डरच्या मेसेजचे प्रिंट, इन्शुरन्स. कौन्सिलकडे फूड बिझनेसची नोंदणी केली होती, त्याचा ईमेल सापडला. हायजीन रेटिंगचं पत्र पण आहे, पाचपैकी पाच.

ऋता (लेस्टर) · १०:३८
ते सगळ्यात वर लाव! आणि एका पानावर लिही: किती गिऱ्हाइकं, आठवड्याला किती तास, पुढच्या सहा महिन्यांत काय वाढवणार. ऑफिसांना दुपारचे डबे द्यायचं म्हणत होतीस, ते लिही. कमाई कळवायची मुदतही आत्ताच लिहून ठेव: महिना संपण्याच्या सात दिवस आधीपासून चौदा दिवस नंतरपर्यंत. चुकली की पैसे अडकतात.

मधुकाका · १०:४१
पर्सनलवर सीएचा नंबर टाकलाय. घे न घे, तुझी मर्जी.

प्राजू (स्लाउ) · १०:४३
थँक्यू काका. जानेवारीत रिटर्नच्या वेळी शंका आली तर विचारेन.

मीनाआत्या · १०:४७
फ्लॅटच्या इंडेक्स टूची माझ्याकडे झेरॉक्स आहे, स्कॅन करून पाठवते. मधू, शेअर सर्टिफिकेट तुझ्याकडे आहे.

मधुकाका · १०:५२
बघतो.

मधुकाका · ११:२०
[फोटो] [फोटो] दुसऱ्या पानावरचा शिक्का पुसट आलाय. सकाळी उजेडात परत काढतो.